नर्सरीवालीनं वापरून पाहिलेल्या हर्बेरियमच्या नोंदी

भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीहून आत वळलं की बारा किलोमीटरवर आमचं गाव आणि गावाच्या अलीकडे, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पारीला लागून, माझी नर्सरी. पाऊण एकर जागा, एक विहीर, हिरव्या जाळीचे दोन शेड. जास्वंद, तगर, कण्हेर, मोगरा, बोगनवेल बारमाही. पोळ्याच्या सुमारास झेंडू आणि शेवंती. सतरा वर्षांत खतं, कुंड्या, कोकोपीट, फवारणीचे पंप, सगळं वापरून झालं आणि त्याबद्दल लोकांना तोंडी सांगत आले. लिहून सांगावं असं पहिल्यांदाच वाटतंय, तेही फुकट मिळणाऱ्या एका गोष्टीबद्दल. जीबीआयएफ नावाचं संकेतस्थळ आहे, त्यावर हर्बेरियमच्या नोंदी बघायला मिळतात. जगभरच्या संग्रहांत कागदावर चिकटवून जपलेल्या वाळक्या झाडांचे फोटो, आणि प्रत्येक झाड कुणी, कुठून, कधी खुडलं त्याचं लेबल.

फुलझाडं विकणाऱ्या बाईला वाळक्या फांद्यांचं काय काम, हे सांगायचं तर जांभळ्या कोरांटीपासून सुरुवात करावी लागेल.

तीन वर्षांपूर्वी मृगाच्या आधी बाहेरून आलेल्या एका गाडीतून मी ऐंशी रोपं उतरवून घेतली. पावतीवर लिहिलं होतं, 'कोरांटी जांभळी'. कोरांटी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. पिवळी कुंपणाला, पांढरी देवाला. जांभळी असते हे ऐकलं होतं, हातात कधी आली नव्हती, म्हणून आनंदानं घेतली. पान लांबट, निमुळतं, खोडावर जांभळट झाक. फूल आलं तर बघत राहावं असं. पातळ, रेशमासारखं, सकाळी उमललेलं दुपारी गळून पडायचं आणि दुसऱ्या सकाळी झाड पुन्हा भरलेलं. पंचवीस रुपयांना एक, दोन महिन्यांत सगळी गेली. गावच्या शाळेनं वीस नेली. एका कास्तकार भाऊंनी बारा नेली आणि धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ओळीनं लावली.

पुढच्या वर्षी ऐन रोवणीत ते भाऊ दारात उभे. "ताई, तुमच्या कोरांटीनं माह्या धुऱ्याची वाट लावली नं."

जाऊन पाहिलं. बाराची दोनशेच्या वर झाली होती. धुऱ्याच्या उतारावर, पाटाच्या ओल्या काठावर, खाली बोडीच्या पाण्यापर्यंत. रोवणीच्या बाया हातातले पऱ्हे बाजूला ठेवून ती उपटत होत्या, आणि मातीत मुळाचा तुकडा राहिला की तिथून पुन्हा फुटवा येत होता. कोरांटी असं करत नाही. आईच्या अंगणातली कोरांटी मी लहानपणापासून पाहते, ती जागची हलली नाही. गाडीवाल्याला फोन लावला तर तो म्हणाला, आमच्याकडे हेच नाव चालतं. त्याचं नाव मी इथे देत नाही. चुकीचं नाव त्याच्या पावतीवर होतं, पण गिऱ्हाइकाला ते माझ्या तोंडून गेलं होतं. त्या भाऊंच्या चार दिवसांच्या मजुरीचे पैसे मी दिले. झाड खरं कोणतं, हे शोधणंही माझ्याकडेच आलं.

पुतणी बीएस्सीला आहे, बॉटनी घेऊन. ती आली तेव्हा शेडमध्ये बसून तिनं ब्लेडनं एक फूल उभं चिरलं. "काकू, हे कोरांटी नाही नं. खानदान तेच आहे, झाड दुसरं." खानदान म्हणजे अकॅन्थेसी. कोरांटी त्यातली, अबोली त्यातली, अडुळसाही त्यातला. तिचा अंदाज होता की हे रुएलिया असावं. अंदाजावर माझं भागणार नव्हतं, कारण मला शाळेत जाऊन मुलांनी पाणी घालून वाढवलेली वीस झाडं काढा म्हणून सांगायचं होतं. तेव्हा तिनं माझ्या मोबाइलवर जीबीआयएफ उघडून दिलं.

जीबीआयएफ म्हणजे ग्लोबल बायोडायव्हर्सिटी इन्फर्मेशन फॅसिलिटी. ही संस्था २००१ पासून आहे, कचेरी डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनला. तिच्या स्वतःच्या कपाटात एकही वाळलेलं झाड नाही. पॅरिस, लंडनमधलं क्यू, एडिनबरा, न्यूयॉर्क अशा ठिकाणचे संग्रह आपापल्या नोंदी तिच्याकडे देतात आणि त्या एका जागी शोधता येतात. बघायला खातं लागत नाही. पूर्ण यादी उतरवून घ्यायची असेल तेव्हाच खातं काढावं लागतं, तेही मोफत.

पण एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकून घ्या. झाडाचं नाव टाकलं की जे शेकडो फोटो येतात त्यात लोकांनी मोबाइलनं काढलेलेही असतात. ते सुंदर असतात, त्यांचा उपयोगही आहे, मात्र आपलं काम वेगळं आहे. 'बेसिस ऑफ रेकॉर्ड' असं लिहिलेलं असतं तिथे जाऊन 'प्रिझर्व्ह्ड स्पेसिमेन' निवडा. मग फक्त खुडून, दाबून, वाळवून, जपून ठेवलेल्या नमुन्यांच्या नोंदी उरतात. त्यानंतर 'गॅलरी' दाबली की पानं, म्हणजे झाड चिकटवलेले कागद, समोर येतात. फोटोतल्या फुलाच्या पाकळीमागे काय आहे हे पुन्हा बघता येत नाही. वाळवलेलं फूल शंभर वर्षांनीही कोमट पाण्यात भिजवून उघडता येतं. मला हा फरक फार मोठा वाटतो.

असं एक पान नीट पाहिलं नसेल तर सांगते. साडेसोळा इंच उंच, साडेअकरा इंच रुंद जाड कागद. त्यावर फांदी, शक्यतो फूल आणि फळ दोन्ही असलेली. लांब झाड असेल तर मोडून इंग्रजी एन अक्षरासारखं बसवलेलं. फांदीचं एखादं पान मुद्दाम उलटं ठेवलेलं, मागची लव आणि शिरा दिसाव्यात म्हणून. कोपऱ्यात छोटं पाकीट, त्यात गळालेल्या बिया आणि फुलं. फोटो काढताना ठेवलेली मोजपट्टी आणि रंगांची पट्टी. खाली उजवीकडे लेबल. आणि कुठे कुठे लेबलाच्या वर आणखी एक चिठ्ठी, पुढे कधीतरी दुसऱ्या जाणकारानं तपासून लावलेली, नवं नाव आणि तारीख घातलेली. आधीचं नाव खोडत नाहीत, त्याच्या शेजारी नवं लावतात. हे मला मनापासून आवडलं.

आम्ही दोन पानं शेजारी शेजारी उघडली, पुतणीच्या मोबाइलवर एक, माझ्या मोबाइलवर एक. तिच्याकडे खरी जांभळी कोरांटी, बार्लेरिया क्रिस्टाटा. माझ्याकडे रुएलिया सिम्प्लेक्स. बोटांनी मोठं करत करत फुलाच्या बुडाशी गेलो, जिथे हिरवी निदलं असतात. कोरांटीला चार. त्यातली बाहेरची दोन मोठी, पानासारखी पसरट, कडेला बारीक काटेरी दाते. आतली दोन इवलीशी, मोठ्यांच्या आड. वाळून कागद झाली तरी त्या मोठ्या दोघींवरची शिरांची जाळी स्पष्ट दिसत होती. रुएलियाला पाच, पाचही सारखी, सुईसारखी अरुंद. मग शेडमधलं ताजं फूल घेऊन भिंगाखाली धरलं. पाच. दुसरं तोडलं, पाच. तिसरं, पाच. आत पराग असलेले पुंकेसर चार. कोरांटीत असे दोनच धड असतात. वाळलेलं एक बोंड फोडलं तर बिया निघाल्या एकोणीस. कोरांटीच्या बोंडात चारच्या पुढे बी नसतं.

पुतणीनं त्यातल्या दोन बिया बशीत पाण्याच्या थेंबात टाकल्या. बघता बघता प्रत्येकीभोवती सब्जासारखा चिकट थर फुगला. बोंड तडकून बी लांब उडतं आणि ओल्या मातीला असं चिकटतं. पाटाच्या काठावर ओळच्या ओळ का उगवली होती, ते त्या बशीत दिसलं.

नोंदीतल्या नकाशानं उरलेलं सांगितलं. हे झाड मूळचं मेक्सिको, कॅरिबियन बेटं आणि दक्षिण अमेरिकेकडचं. सिम्प्लेक्स हे नाव चार्ल्स राइट या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८७० मध्ये क्युबातल्या झाडावरून दिलं. रुएलिया ब्रिटोनियाना, रुएलिया ट्वीडियाना ही त्याच झाडाची इतर नावं, कॅटलॉगांत अजून चालतात. ती टाकून शोधलं तरी संकेतस्थळ आपल्याला एकाच झाडापाशी आणून सोडतं. पाणथळ जागी पसरतं म्हणून अमेरिकेतल्या फ्लोरिडात आणि ऑस्ट्रेलियात त्याला उपद्रवी तण मानतात. धानाच्या आणि तलावांच्या मुलखात मी ते पंचवीस रुपयांना वाटलं होतं.

शाळेतली झाडं मुलांनीच काढली. मी मोबाइलवर दोन्ही पानं दाखवली, भिंग दिलं आणि निदलं मोजायला लावली. पाचवीतल्या पोट्ट्यांनी माझ्यापेक्षा लवकर मोजली.

त्या दिवसापासून मी रोज रात्री नर्सरीतल्या एका झाडाचं पान बघते. आमच्याकडे रात्री दहानंतर नेट बरं चालतं, आणि या फोटोंना डेटा लागतो, तेव्हा वेळ तीच ठरली आहे. कर्दळीवर मी चार रात्री होते. महालक्ष्म्यांच्या वेळी कर्दळीच्या पानांना आमच्याकडे मागणी असते. झाड इतकं घरचं की ते परकं असेल असं कधी मनात आलं नाही. शास्त्रीय नावही कॅना इंडिका. पण ते अमेरिकेतलं. युरोपातले लोक तेव्हा अमेरिकेकडच्या बेटांनाही इंडीज म्हणत, तिथून हे नाव चिकटलं. वनस्पतींची नावं आज जिथून मोजतात त्या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसच्या १७५३ च्या ग्रंथात अगदी पहिली जागा कर्दळीची आहे, कारण त्यानं झाडं पुंकेसर मोजून लावली आणि कर्दळीला एकच पुंकेसर, तेही अर्धंच परागाचं. आपण ज्यांना कर्दळीच्या लाल-पिवळ्या पाकळ्या म्हणतो ते बहुतेक वांझ पुंकेसर, पाकळीसारखे पसरलेले. खऱ्या पाकळ्या खाली, अरुंद आणि टोकदार. ताज्या फुलात हे रंगामुळे डोळ्यात भरत नाही. वाळलेल्या पानावर रंग उडालेला असतो आणि मग रचना दिसते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमधलं फूल भाग भाग सोडून कागदावर मांडलं आणि सगळं तसंच निघालं.

बोगनवेलीनं मला वेगळ्या जागी नेलं. तिचे गुलाबी कागदी तुकडे पाकळ्या नसतात, ती रंगीत पानं. खरं फूल मधली ती पांढरी बारीक नळी. हे नर्सरीवाल्याला माहीत असतं. नाव कुठून आलं ते माहीत नव्हतं. फ्रेंच दर्यावर्दी बूगनव्हिल १७६६ मध्ये जगप्रदक्षिणेला निघाला, त्याच्या ताफ्यात फिलिबेर कॉमरसन हा वनस्पतिशास्त्रज्ञ होता, आणि १७६७ मध्ये ब्राझीलच्या रिओत या वेलीचे नमुने घेतले गेले. कॉमरसनबरोबर मदतनीस म्हणून झान बारे नावाची बाई होती. जहाजावर बाईला परवानगी नव्हती, म्हणून ती पुरुषाच्या कपड्यांत होती. त्या फेरीतले हजारो नमुने आज पॅरिसच्या संग्रहात आहेत आणि त्यातले कितीतरी घरबसल्या बघता येतात. लेबलावर कॉमरसन. पाठीवर दप्तर आणि दाबपट्ट्या घेऊन डोंगर चढणाऱ्या बाईचं नाव तिथे नाही. तिच्या नावानं एखादं झाड ओळखलं जायला २०१२ साल उजाडावं लागलं. वांग्या-बटाट्याच्या कुळातल्या, इक्वेडोर आणि पेरूमधल्या एका जातीला तेव्हा सोलॅनम बारेटिये म्हटलं गेलं. माझ्याकडे सहा बाया कामाला येतात. गुटी बांधणं, कलम, पिशव्या भरणं, सगळं त्यांच्या हातचं. ही गोष्ट मी त्यांना दुपारच्या डब्याच्या वेळी सांगितली. सगळ्यांत वयानं मोठ्या मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "नाव तं लिवाव होतं."

आता कमी काय आहे ते सांगते, कारण त्याशिवाय हा रिव्ह्यू खरा होणार नाही.

पहिलं म्हणजे आपला भाग. झाडाचं नाव टाकून देश भारत निवडला की यादी आटते, महाराष्ट्र निवडला की आणखी आटते, आणि विदर्भापर्यंत येता येता हाताच्या बोटांवर. माझ्या तालुक्यातलं अंगणातल्या फुलझाडाचं एकही पान मला मिळालं नाही. याला कारणं आहेत. जुने वनस्पती गोळा करणारे जंगल बघायला येत, मेळघाटात जात, चांद्याकडे जात, आणि वाटेवरच्या अंगणातली सदाफुली, गुलबक्षी, तेरडा ओलांडून पुढे जात. लावलेलं झाड म्हणजे नोंद घेण्यासारखं नाही, अशी समजूत होती. त्यामुळे गुलबक्षी किंवा झेंडू आपल्या गावात कधी आला, हे सांगणारा कागदच तयार झाला नाही. रायमुनियाचंच बघा. घाणेरी, टणटणी म्हणतात ती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झाड म्हणून ती कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये आणली, आणि आज आमच्याकडच्या जंगलात गुरांना वाट मिळत नाही इतकी माजली आहे. ती कुंपण ओलांडून रानात पहिल्यांदा कुठे उगवली, हे सांगू शकणारी पानं प्रत्येक जिल्ह्यातून, प्रत्येक दशकातली हवी होती.

त्यालाच जोडून दुसरं. झाड लावलेलं की आपोआप उगवलेलं, हे नोंदवायला या नोंदींत रकाना आहे. बहुतेक जुन्या नोंदींत तो रिकामा असतो. शोभेच्या झाडांच्या बाबतीत सगळ्यात मोलाची माहिती तीच. म्हणून यादीतल्या ओळीवर थांबू नका, लेबलाचा फोटो मोठा करून वाचा. कधी 'बागेत' किंवा 'लागवड' असा एक शब्द हातानं लिहिलेला असतो आणि तो यादीत उतरलेला नसतो.

आपल्या गावांची नावं शोधताना जरा जुन्या कागदपत्रांची सवय लागते. अचलपूर मिळालं नाही तर एलिचपूर टाका. यवतमाळचं येओटमल, अमरावतीचं अम्राओटी, चंद्रपूरचं चांदा, इंग्रजी स्पेलिंगमध्ये. मुंबई इलाख्याच्या यादीत आपण नसतो, कारण आपण तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाड. लेबलावर नुसतं सी. पी., म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, असतं. १९५० ते १९५६ मधला नमुना असेल तर नागपूरच्याही पुढे मध्य प्रदेश लिहिलेलं सापडेल, आणि त्यात चूक काही नाही, नागपूर तेव्हा त्या राज्याची राजधानी होती. माझे सासरे हयात असते तर त्यांनी हे सगळं मला एका दमात सांगितलं असतं. मला पुतणीबरोबर बसून एकेक अक्षर लावावं लागलं.

नकाशावरच्या ठिपक्यांवरही डोळे मिटून जाऊ नका. ज्या जुन्या लेबलावर फक्त 'भारत' लिहिलंय, त्याला नोंद भरताना कुणी देशाचा मध्यबिंदू देऊन टाकतो. भारतासाठी सर्रास वापरला जाणारा असा एक बिंदू आहे २०.५९ उत्तर, ७८.९६ पूर्व. तो पडतो आपल्या हिंगणघाटच्या बाजूला. तेव्हा वर्धा जिल्ह्यात एखादं अनोळखी फूल मिळाल्याचा ठिपका दिसला तर हुरळण्याआधी लेबल वाचा.

नावांबद्दलही सावध राहावं. २०१५ मध्ये ऑक्सफर्ड आणि एडिनबराच्या संशोधकांनी उष्ण प्रदेशातल्या झाडांचे नमुने तपासून मांडलं होतं की निम्म्याहून जास्त नमुन्यांवरची नावं बहुधा चुकीची असावीत. एकाच फांदीचे तुकडे वेगवेगळ्या संग्रहांत वेगवेगळ्या नावांनी पडलेले असतात. मी आता एका पानावर भागवत नाही, किमान पाच-सहा पानं बघते, वेगवेगळ्या संग्रहांतली, आणि ज्यावर नंतरच्या तपासणीची चिठ्ठी आहे त्याला जास्त मान देते. बागेतल्या संकरित जातींपुढे मात्र ही सगळी मेहनत थकते. गुलाब, शेवंती, डबल जास्वंद, बोगनवेलीचे नवे रंग, यांच्या जातीचं नाव वाळलेल्या पानावरून लागत नाही. रंग जातो, वास जातो, आणि संकराचे आईबाप पानावर लिहिलेले नसतात.

संकेतस्थळ मराठीत नाही. आपल्याला वाचायचं ते इंग्रजी आणि लॅटिन. माझ्यासारखीला सोबत कुणीतरी लागतं, निदान सुरुवातीला. पाचातले गुण द्यायचे तर मी चार देईन. झाडाचं नाव आणि मूळ मुलूख पडताळायचा असेल तर पूर्ण पाच. आपल्या जिल्ह्यातल्या अंगणाची माहिती हवी असेल तर दोनच्या वर देता येत नाहीत.

भारतातले संग्रह बघायचे असतील तर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं इंडियन व्हर्च्युअल हर्बेरियम वेगळं उघडा. ही संस्था १८९० ची, हावड्याचा तिचा संग्रह देशातला सर्वांत मोठा. लिनियसचे स्वतःचे नमुने लंडनच्या लिनियन सोसायटीच्या संकेतस्थळावर आहेत, तेही मोफत. कर्दळीसाठी मी तिथेही जाऊन आले.

आणि आता आम्ही आमची पानं करायला घेतली आहेत. सुतारभाऊंकडून सागाच्या पट्ट्यांच्या दोन जाळ्या करून घेतल्या, दीड फूट बाय एक फूट. मध्ये जुने पेपर, वरून दोन पट्टे आवळायचे. पहिले चार दिवस पेपर रोज बदलावे लागतात. पावसाळ्यात दिवसातून दोनदा, नाहीतर बुरशी धरते. जास्वंदाची पाकळी चिकट, ती पेपरला धरून बसते आणि सोडवताना फाटते, म्हणून तिच्या खालीवर बटर पेपर. रुएलियाचं फूल आठच्या आत तोडावं लागतं, दहाला ते हातात मिटतं. रंग लेबलावर तेव्हाच, ताजं असतानाच लिहायचा. वाळलेल्या पानांना कपाटात कीड लागते. पुतणीच्या कॉलेजात औषध लावतात, पण ते विषारी, घरात लहान मुलं आहेत. आम्ही वाळलेलं पान पिशवीत घट्ट बंद करून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवतो, गावातल्या दूधवाल्या भाऊंनी त्यांच्याकडे एक कोपरा दिला आहे.

आतापर्यंत एकतीस झाली. पिवळी कोरांटी, पांढरी कोरांटी, तगर, अबोली, गुलबक्षीचे तीन रंग एकाच झाडावरचे, तेरडा, आईच्या अंगणातली कर्दळ. प्रत्येकावर लावलेलं की उगवलेलं ते पहिल्या ओळीत. पूर्ण झाली की ती पुतणीच्या कॉलेजच्या संग्रहात जातील, तिथल्या मॅडमनी हो म्हटलं आहे.

मागच्या आठवड्यात रुएलियाचं केलं. त्या भाऊंच्या धुऱ्यावर अजून काही राहिली आहेत, मावशी सकाळी लवकर जाऊन मुळासकट एक घेऊन आल्या, फूल, कळी आणि दोन बोंडं असलेलं. मी लेबल लिहायला घेतलं. रुएलिया सिम्प्लेक्स. लावलेलं नाही, पसरलेलं. धानाच्या बांधीचा धुरा, ओली जागा, बोडीपासून साठ पावलं. फूल जांभळं, ताजं असताना पाहिलेलं. पुढची ओळ होती, नमुना कुणी घेतला. मी मावशींचं नाव लिहायला पेन टेकवला तर त्यांनी हात धरला. पदराला बोटं पुसली, पेन घेतला आणि प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेल्या अक्षरांत, सावकाश, नवऱ्याच्या नावासकट आणि आडनावासकट पूर्ण नाव स्वतः लिहिलं. ओळ पुरली नाही, आडनाव खालच्या ओळीत आलं. ते तसंच ठेवलं आहे.